चाकूच्या मुठीला घरच्या घरी स्टोनवॉश

खिशात घडीचा चाकू, किल्ल्यांचा जुडगा आणि सुटी नाणी एकत्र राहिली की चाकूच्या धातूच्या मुठीवर चरे पडणारच. मूठ आरशासारखी असेल तर एकेक चरा मोजता येतो. पुन्हा पुन्हा पॉलिश करत बसण्यापेक्षा अशा मुठीला स्टोनवॉश द्यावा, असं माझं ठाम मत आहे. दगडांत घुसळल्यावर धातूवर सगळ्या दिशांनी बारीक घाव बसतात, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि मूठ मऊसर राखाडी दिसते. नंतर पडलेला चरा त्या गर्दीत मिसळून जातो. बोटांचे ठसेही फारसे दिसत नाहीत, आणि मुंबईच्या घामट हवेत हे काही थोडं नाही.

त्यासाठी कुठलंही मशीन लागत नाही, दगड-पाणी भरलेली बरणी हाताने हलवली की झालं. गिरगावातल्या चाळीतल्या एका खोलीत मी हे काम करतो. फक्त ते दुपारी करा, कारण बरणीतल्या दगडांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो.

आधी दगड

हलवायचं काम कुणालाही जमतं, चूक होते ती दगड निवडताना. पहिल्या वेळी मी नर्सरीतून कुंड्यांवर पसरायचे पांढरेशुभ्र गोटे आणले. अर्धा तास बरणी हलवली. पाणी दुधासारखं झालं आणि टायटेनियमची मूठ होती तशीच राहिली. ते गोटे संगमरवराचे होते. मोहस् मापावर (खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० ची पट्टी) संगमरवराचा कठीणपणा ३ च्या आसपास असतो, म्हणजे टायटेनियमपुढे तो खडूच. तेव्हापासून दगड घेताना मी लिंबू सोबत ठेवतो. दगडाला जरा खरवडून तिथे दोन थेंब पिळायचे. बारीक बुडबुडे आले तर तो दगड कुंडीतच शोभेल.

हवा तो आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, किंवा गारगोटी. गारगोटीचा कठीणपणा ७ असतो, त्यामुळे ती स्टीललाही पुरून उरते. कर्जतकडे ट्रेकला गेलात तर ओढ्यातले पाण्याने गोल झालेले चार मुठी खडे पुरतात. तेवढं जमत नसेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत पाहा, पण रंग दिलेले खडे घेऊ नका. समुद्रकिनाऱ्यावरचे असतील तर रात्रभर गोड्या पाण्यात ठेवा आणि पाणी दोनदा बदला, कारण मिठाने स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात. बांधकामाची खडी मात्र नको. तिच्या धारदार कडा इतके खोल ओरखडे काढतात की मूठ फरशीवर घासल्यासारखी दिसते.

आकार एकसारखा नको. हरभऱ्याएवढे, वाटाण्याएवढे आणि थोडे बोराएवढे असे मिसळा. मोठे दगड ठोकतात, लहान कोपऱ्यांत शिरतात. मुठीतल्या भोकांच्या नेमक्या मापाचे खडे वेचून बाजूला काढा. असा खडा भोकात एकदा अडकला की काढताना भोकाची कड खराब होते.

चाकू उघडणं

बहुतेक घडीच्या चाकूंना चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, टॉर्क्स स्क्रू असतात. टी ६ आणि टी ८ ही मापं जवळपास नेहमीच लागतात. नागदेवी स्ट्रीटवर चांगल्या पोलादाचे बिट (स्क्रू-ड्रायव्हरची बदलती टोकं) मागा. हलका बिट खाचेत फिरला की स्क्रू कायमचा जातो. स्क्रू घट्ट बसला असेल तर जोर लावू नका, हेअर ड्रायरने तो भाग मिनिटभर तापवा. आत लावलेला गोंद मऊ होतो.

खाली पांढरा पंचा पसरा आणि दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. वॉशर, बेअरिंग, स्क्रू, क्लिप सगळं काढून एका वाटीत ठेवा. पात्याला सुटं करताच कागदात गुंडाळून वर टेप लावा. बरणीत फक्त मुठीच्या धातूच्या पट्ट्या जाणार. लाकूड किंवा फायबर असेल तर तेही काढा.

लॉकची स्प्रिंगसारखी पट्टी मुठीतच कापलेली असेल तर इथे थांबून नीट पाहा. तिचं टोक पात्याच्या मागे जाऊन बसतं आणि त्यामुळेच पातं तुमच्या बोटांवर मिटत नाही. आतल्या बाजूला एक इवलीशी गोळीही असते, मिटलेलं पातं धरून ठेवणारी. या दोन्ही जागांना दगड लागता कामा नये. इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. बरणी उघडाल तेव्हा टेप तपासा, सुटली असेल तर पट्टी कोरडी करून पुन्हा लावा.

घासणं आणि हलवणं

खोल चरे स्टोनवॉशने झाकले जात नाहीत. ते आधी वॉटर पेपरने (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) काढा, प्रथम २२० नंबरचा, मग त्याहून बारीक ४०० नंबरचा. पेपर काचेच्या तुकड्यावर ठेवून पट्टी त्यावर घासलीत तर कडा गोल होत नाहीत. हे काम ओलंच करा, कारण टायटेनियमची कोरडी बारीक भुकटी पेट घेऊ शकते.

जाड प्लॅस्टिकची दोन लिटरची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बरणी घ्या. काचेची नको. अर्धी बरणी दगड, दगड जेमतेम बुडतील एवढं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. एका वेळी एकच पट्टी टाका, नाहीतर पट्ट्या एकमेकींवर आपटून खोक पडतात. बरणी जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि दही घुसळल्यासारखी गोल फिरवा. वर-खाली आपटू नका.

पाच मिनिटांनी पट्टी काढून धुवा आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरा. पेपरच्या एकाच दिशेच्या रेघा अजून दिसत असतील तर परत आत टाका. पाणी राखाडी झालं की बदला. अ‍ॅल्युमिनियम दोन-तीन मिनिटांत तयार होतं, पण त्यावर रंगीत अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने चढवलेला थर) असेल तर कडांवरचा रंग आधी उडतो, हे लक्षात घ्या. स्टेनलेस स्टीलला पंधरा मिनिटं आणि टायटेनियमला अर्धा तास लागतो असा माझा अनुभव. दुसऱ्या पट्टीलाही तेवढाच वेळ द्या, नाहीतर दोन बाजू वेगळ्या दिसतात.

काळपट छटेसाठी काही जण लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्डसाठी मिळणारं फेरिक क्लोराइड आणतात. मुठीसाठी ते वापरू नका. टायटेनियमवर त्याचा परिणाम होत नाही, स्टेनलेसवर खड्डे पडू शकतात आणि अ‍ॅल्युमिनियमबरोबर ते उसळून तापतं.

जोडणी

टेप काढा, जुन्या टूथब्रशने साबण लावून भोकं साफ करा आणि पट्ट्या पूर्ण वाळवा. कोरडी मूठ पांढरट दिसेल. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसा, खरा राखाडी रंग वर येतो. वॉशरवरही एकेक थेंब द्या आणि फोटो उलट्या क्रमाने बघत चाकू जोडा.

मग लॉक तपासा. पातं उघडून, बोटं त्याच्या वाटेत न ठेवता, पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबा. लॉक जरा जरी सरकलं तर चाकू वापरू नका, पुन्हा उघडून बघा.

वर्षभराने अंगठा टेकतो तिथे मूठ गुळगुळीत होऊ लागेल. त्यासाठी ते दगड धुऊन, उन्हात वाळवून त्याच बरणीत ठेवा. पुढच्या वेळी पेपरची गरज पडणार नाही, पाच-दहा मिनिटं फिरवलं की काम होतं.