अनेक देशांच्या संघटनेत आयटी प्रकल्प राबवताना

सॉफ्टवेअर निवडण्याआधी निर्णय कोण घेणार ते ठरवा. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेनुसार सर्व पातळ्यांवरचे निर्णय एकमताने होतात. अशा ठिकाणी एका देशाचं उत्तर रखडलं की सगळंच अडतं. म्हणून प्रकल्पाच्या कार्यकक्षेच्या दस्तऐवजातच लिहून घ्या: स्क्रीनवरचे किरकोळ बदल सचिवालय मंजूर करेल, खर्च वाढवणारे किंवा डेटा दुसऱ्या देशात नेणारे बदल सदस्य देशांपुढे जातील. प्रत्येक देशाकडून एक संपर्क अधिकारी आणि एक पर्यायी अधिकारी नावानिशी मागा. बदल्या होतातच.

चाचणी फक्त मुख्यालयात घेणं ही सर्वात महागात पडणारी चूक. ती सदस्य देशांच्या मंत्रालयांतल्या संगणकांवर, त्यांच्याच नेटवर्कवरून घ्या. फायरवॉल काय अडवते, जुन्या ब्राउझरमध्ये काय मोडतं, ते तिथेच कळतं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवा. नेपाळची वेळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे. अर्ध्या तासाचेच टप्पे धरणारं बैठकांचं कॅलेंडर काठमांडूत हमखास चुकतं. आफ्रिकन युनियनप्रमाणे तुमच्या संघटनेतही अरबी भाषा वापरात असेल, तर उजवीकडून डावीकडे जाणारी मांडणी पहिल्याच नमुन्यात तपासा. शेवटी बदलायला गेलात तर फॉर्म, तक्ते, छापील अहवाल सगळंच पुन्हा करावं लागतं.

कंत्राटाचा शेवटचा हप्ता रोखून ठेवा. सोर्स कोड हाती येणं, अॅडमिन पासवर्ड मिळणं आणि बॅकअपमधून प्रणाली पुन्हा उभी करून दाखवणं, हे तिन्ही झाल्यावरच तो द्या.