वाफ्याला मानस हवी: सोसायटीतल्या पावसाळी भाजीसाठी मेअखेरचा सल्ला

गोव्यात मान्सून साधारण ५ जूनला पोचतो. सोसायटीच्या मोकळ्या जागेत भाजी लावणाऱ्यांच्या हातात आता जेमतेम दहा दिवस उरले. बियाणे, खत, मांडव सगळे मागाहून. आधी वाफ्यातले पाणी बाहेर कुठून जाणार ते बघा.

पर्वरी, ताळगाव, फातोर्ड्याहून मे महिन्यात मला फोन येतात. प्रश्न ठरलेला: खत कुठले घालू? जुलैत त्याच माणसांचे पुन्हा फोन: मिरची पिवळी पडली, आले कुजले, औषध कुठले मारू? मुळे पाण्यात गुदमरल्यावर वरून काय मारणार, कपाळ!

शेतात पाणी तुंबले तर बांध फोडता येतो. सोसायटीत वाफ्याला चारी बाजूंनी सिमेंटची कड असते आणि खाली बिल्डरने रोलर फिरवून दाबलेला भराव: चिऱ्यांचे तुकडे, मुरूम, फुटक्या लाद्या. वरची वीतभर माती तेवढी आपली. याला वाफा म्हणत नाहीत, हौद म्हणतात. त्यात गच्चीचा पाइप नेमका इथेच सोडलेला, कारण ‘झाडांना पाणी मिळते’. हिशेब करा. १०० चौरस मीटर गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत आपल्याकडे त्याचे कुणाला अप्रूप नसते, तर पाइपातून १०,००० लिटर खाली येतात. अख्खा टँकर एका वाफ्यात रिकामा.

गेल्या जुलैत अशाच एका वाफ्यातले वांग्याचे रोप मी दोन बोटांनी उपटले. विरोधच नाही. मुळाची साल मोज्यासारखी सुटून हातात आली, आत नुसता पांढरा दोरा. मातीला गटाराचा वास. आणि भिंतीपाशी टॉनिक, ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. त्या पैशांत गवंडी दोन दिवस मिळाला असता.

आपल्या खाजनांना, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांना, मानस असते, म्हणजे पाण्याचे दार. पाणी कधी आत घ्यायचे, कधी सोडायचे, हे त्या दारावर ठरते. वाफ्यालाही तेच दार हवे. फूटभर खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता, ते जिरले की पुन्हा ओता. दुसरी बादली चार तासांनीही तशीच दिसली तर तिथे सपाट लावणी करू नका. (चार तास हा माझा अंदाज आहे, पुस्तकातला आकडा नव्हे, पण त्याने मला फसवलेले नाही.) कडेच्या सर्वांत खालच्या टोकाला, जमिनीलगत, मूठ जाईल एवढी दोन-तीन भोके पाडा आणि आतून चिऱ्याचे खडे लावा, म्हणजे माती वाहणार नाही. मधोमध फूटभर रुंद, फूटभर खोल चर त्या भोकांकडे उतरता काढा. निघालेली माती दोन्हीकडे चढवून मीटरभर रुंदीचे गादीवाफे करा, उंची निदान ३० सेंटीमीटर. पाइपाला एल्बो लावून तोंड थेट गटाराकडे वळवा. सेक्रेटरी कड फोडायला नाही म्हणाले तर आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास तयार होतात एवढेच सांगा. मग ते स्वतःच छिन्नी शोधतात.

चराच्या तोंडाशी अळू लावा. बुडाले तरी त्याचे काही बिघडत नाही.

कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा दुकानदार गळ्यात मारतील. मार्चात ठीक, जुलैत तो ओला स्पंज मुळांना बांधून ठेवल्यासारखे आहे. चुन्याचेही तसेच. गोव्याची जांभी माती आम्लधर्मी, म्हणून चुना घाला असे सगळे सांगतात, पण भरावात सिमेंटचा चुरा असेल तर तिथली माती उलट्या टोकाला गेलेली असू शकते. आधी माती तपासून घ्या, मग चुना.

बाकीची कामे:

– भेंडे: अंतर ६० × ३० सेंमी
– मिरची, वांगी: अंतर ६० × ४५ सेंमी, रोपे गादीवाफ्यावरच
– दोडकी, काराती (कारली), तवशी (काकडी): मांडव पावसाआधी उभा करावा
– तांबडी भाजी (लाल माठ): मुसळधार पावसात पेरू नये
– बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) ४ ग्रॅम प्रति किलो बियाणे
– वेलांवर फळमाशी: क्यू-ल्युअरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा, किडलेली फळे रोज वेचून प्लास्टिक पिशवीत बांधून टाकावी

रोपे बुडाशी कोलमडू लागली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात कालवून बुडाशी ओतावे, पण चर मोकळा करून झाल्यावरच. तुंबलेल्या पाण्यात ते पैसे पाण्यात.

वांगे-मिरचीचे हिरवेगार झाड दुपारी एकाएकी मान टाकत असेल तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवा. थोड्या वेळाने दुधासारखी धार खाली उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्याला औषध नाही, कुणी विकले तरी. झाड मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि त्या जागी पुन्हा वांगे, मिरची, टोमॅटो लावू नका. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जात असेल तर रोगही त्याच वाटेने जातो, म्हणून प्रत्येक वाफ्याचे भोक बाहेरच्या गटाराकडे हवे, शेजारच्या वाफ्याकडे नको.

चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळे-भाज्या टांगतात त्या मांडवीला, घरची तवशी, दोडकी हवी असतील तर दोन महिने आधी बी मातीत पडायला हवे. माटोळीच्या नादात मात्र चर बुजवून जास्तीच्या वेली लावू नका. दोन वर्षांपूर्वी एकांनी तेच केले, आणि तवशी बाजारातून आणली.