वाळवण घालण्याआधी जुनं कॅलेंडर बघा

एप्रिल-मेमध्ये पुण्यात गच्चीवर कुरडया, सांडगे घातले की एकच धास्ती असते: दुपारनंतर वळीव आला तर? अख्ख्या शहराच्या अंदाजावरून आपल्या गच्चीचं नेमकं कळत नाही. घरचीच नोंद ठेवा.

१. रोज सकाळी ८:३० वाजता (वेधशाळेची सकाळची नोंदही याच वेळची) कॅलेंडरवर आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि ढग लिहा. संध्याकाळी पाऊस आला का, किती वाजता, तेही.

२. वर्ष संपलं तरी कॅलेंडर रद्दीत देऊ नका.

३. जुन्या कॅलेंडरांत आजच्यासारखी सकाळ असलेले दिवस शोधा, पण याच तारखेच्या मागेपुढे पंधरा दिवसांतलेच. मेमधले ढग आणि जुलैमधले ढग यांचा काही संबंध नाही. एकाच जुळणाऱ्या दिवसावर विसंबू नका, निदान चार-पाच तरी हवेत. त्यांतल्या निम्म्यांहून जास्त दिवशी पाऊस झाला असेल, तर वाळवण एकच्या आत खाली आणा. कष्टाचं काम आहे ते, भिजू देऊ नये.

हा ताळा आज-उद्यापुरताच. विजा, अतिवृष्टी किंवा खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग असेल तेव्हा फक्त अधिकृत इशाराच माना.