खाऱ्या वाऱ्यातली जुनी गाडी: पहिली गाडी म्हणून क्लासिक घेताना

कोकणात जुनी गाडी बघायला गेलात की मालक आधी बॉनेट उघडतो आणि इंजिन सुरू करून दाखवतो. तुम्ही मात्र आधी खाली वाका. इंजिन पुन्हा बांधता येतं, कार्बोरेटर नवा बसवता येतो; कुजलेला पत्रा कितीही वेल्डिंग केलं तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटतो. पद्मिनी आणि ॲम्बेसिडरला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. तो गंजला की गाडीचं बळच जातं.

माझी पहिली गाडी पद्मिनी. क्रीम रंग, सीट जशाच्या तशा, मी भुललो. पंधरा दिवसांनी चाक बदलायला दारांखालच्या पट्टीला जॅक लावला, तर गाडी उचलली गेलीच नाही. जॅक पत्र्यात आत शिरला. रंगाखाली पुट्टी, म्हणजे भोकं बुजवायचा लेप, होता. गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे त्या वर्षी तळाचा पत्रा बदलण्यात गेले.

आधी गाडी ठरवा

रोज बाजाराला, स्टेशनला न्यायची असेल तर माझं मत कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ला. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तालुक्याच्या गावातही तिची नस ओळखणारा मेस्त्री सापडतो. पद्मिनीवर जीव जडला असेल तर घ्या, पण १०८९ सीसीच्या त्या गाडीला ड्रम ब्रेक आहेत, आणि पार्टसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात फेऱ्या होतील. ॲम्बेसिडर मोठी, चिऱ्याच्या गडग्यांमधून वळवताना नवशिक्याची दमछाक होते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ५० वर्षांहून जुनी, व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

पत्रा कसा बघायचा

शक्यतो पावसाळ्यात जा. जुलैत गळकं रबर लपत नाही. सोबत टॉर्च, जुनं गोणपाट आणि फडक्यात गुंडाळलेलं लहान चुंबक न्या. चुंबक दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि दारांखालच्या पट्टीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग पायाखालच्या मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी बाहेर काढा, बॅटरीखालचा ट्रे बघा. शेवटी गोणपाट अंथरून गाडीखाली जा. आपली लाल माती चाकाच्या आतल्या कोपऱ्यांत ओली बसून राहते आणि पत्रा आतून खाते. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे बॉडीला धरलेत, ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज हवा; भसका आला तर नमस्कार करून निघा. खाली नुकतंच काळं कोटिंग मारलेलं असेल तर दुप्पट सावध व्हा, कारण गंजावर मारलेलं कोटिंग आतली ओल धरून ठेवतं.

चिपळूण, महाडकडची गाडी असेल तर पुराची चौकशी केल्याशिवाय बोलणी करू नका. २००५ आणि २०२१ च्या जुलैत तिथे गाड्या टपापर्यंत बुडाल्या. दाराचं आतलं पॅड सैल करून मागे बघा, सीटच्या रुळांवर गंज आणि हेडलाइटच्या काचेआड गाळाची रेघ आहे का ते पाहा. धुतलेल्या गाडीतही या जागा राहून जातात.

इंजिन

निघण्याआधी मालकाला फोन करून सांगा, इंजिन गार असू दे. गरम करून ठेवलेलं इंजिन दोष लपवतं. सुरू केल्यावर निळा धूर थांबत नसेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असण्याची शक्यता आहे. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधट साय दिसली तर पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. मग घाटात न्या, आंबा किंवा कुंभार्ली, जो जवळ असेल तो. चढात तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकतो का, आणि उतारात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे सपाट रस्त्यावर सहज कळत नाही.

पेट्रोलकडेही लक्ष द्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा त्यासाठी बनलेले नाहीत, ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्या हवेत ओल किती हे सांगायला नको. गाडी घेतल्या घेतल्या पाइप आणि पडदा इथेनॉलला टिकणारे बसवा, आणि पावसाळाभर टाकीत पेट्रोल साठवून गाडी उभी ठेवू नका.

कागद

इकडे बऱ्याच जुन्या गाड्या गावच्या पडवीत उभ्या असतात, चाकरमानी मुलगा मुंबईला आणि आरसी बुक वारलेल्या वडिलांच्या नावावर. "काका, वारसांच्या नावावर झाली का गाडी?" हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर झाली पाहिजे, मगच फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्याकडे येईल. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लागेल का, ते तुमच्या आरटीओत विचारा. चासी आणि इंजिनवरचे आकडे आरसीशी स्वतः ताडून बघा. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते आणि पर्यावरण करही असतो. दोन्ही भरलेत का पाहा, नाहीतर ते पैसे किमतीतून वळते करून घ्या. नवी सुरक्षित नंबरप्लेट आणि थर्ड पार्टी विमा हवाच.

घरी आणल्यावर

जुन्या गाडीत सीट बेल्ट नसेल तर चांगल्या मेस्त्रीकडून बसवून घ्या, तरुण मुलाला गाडी देणाऱ्या आईवडिलांनी तर पहिलं काम हेच करावं. ब्रेक नव्याने बांधून घ्या. प्लास्टिकच्या कव्हरात गाडी कोंडू नका, वारा खेळणारी पडवी बरी. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, गाडी कधीही उतरवू नका. आठवड्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुवा आणि धुतल्यावर चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे कोपऱ्यांतलं पाणी सुकेल.