वेग ९५ च्या पुढे जाईना, तेव्हा दोष केबलमध्ये निघाला

राउटर हॉलमध्ये आणि कामाचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मधल्या भिंतींमुळे वायफाय सारखं तुटायचं, म्हणून कॅट ६ प्रकारची नेटची केबल ओढून घेतली. नेट स्थिर झालं, पण प्लॅन ३०० एमबीपीएसचा असूनही वेग ९५ च्या आसपासच अडकला.

हा आकडा दिसला की आधी कंपनीला फोन लावू नका. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर प्रत्यक्षात साधारण एवढाच वेग मिळतो. विंडोजमध्ये इथरनेटचं स्टेटस उघडलं, तिथेही १०० च. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे होते, म्हणजे संशय केबलवर.

केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्याच पुरतात; गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे बाकीच्यांपैकी एखादी सुटली तरी नेट चालूच राहतं, फक्त वेग उतरतो, आणि दोष कित्येक महिने लक्षात येत नाही. केबल तपासायचा टेस्टर लावला तर सात नंबरचा दिवा लागेना. खोलीतला प्लग कापून नवा बसवला. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा पार टोकाला टेकल्यात का, हे पारदर्शक प्लगमधून नीट बघा आणि मगच क्रिम्पिंग टूल (प्लग तारांवर घट्ट बसवणारी पक्कड) दाबा. इथे घाई मुळीच नको. आता जोडणी १००० ची दिसते.

केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल लवकर तुटते. आणि विजेच्या वायरींच्या पाइपातून नेटची केबल ओढू देऊ नका, वायरमन कितीही आग्रह करो.