बोटीचं इंजिन बांधलं, आता पहिलं ऑईल कुठलं? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोटीचं इंजिन रोज येत नाही. आमच्या शेडला एकदा आलं ते मालवणहून, फोंडा घाट चढून, टेम्पोत घालून. पेट्रोलचं व्ही-८, जुन्या धाटणीचं. बोअर, होनिंग (सिलिंडरच्या भिंतीवर बारीक रेषा पाडणं), पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह उघडणारा नवा कॅम, सगळं मनासारखं झालं. शेवटी दुकानात जाऊन ‘सगळ्यात भारी डबा द्या’ म्हटलं आणि कारचं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० ओतलं. अर्ध्या तासात कॅमचे दोन लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, झिजून गेले. चूक माझीच.

पहिल्या ऑईलकडून दोन उलटी कामं करून घ्यायची असतात. होनिंगच्या रेषांवर रिंगा थोड्या घासून बसल्या पाहिजेत, कॅम मात्र अजिबात घासता कामा नये. त्यामुळे डबा घेण्याआधी मेस्त्रींना विचारा, टॅपेट (लोबवर टेकणारे तुकडे) फ्लॅट, म्हणजे सपाट बुडाचे आहेत की रोलर, म्हणजे चाकाचे?

फ्लॅट असतील तर लोब टॅपेटवर सरळ घासतो आणि तिथं जस्त-फॉस्फरसचं संयुग, म्हणजे झेडडीडीपी, थर धरून त्याला वाचवतं. कारच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस मारक, म्हणून एपीआय एसपी या पेट्रोल इंजिनांच्या ऑईल दर्जाच्या ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ ऑईलमध्ये तो ०.०८ टक्क्यांवर रोखलेला असतो. माझा महागडा डबा तिथंच फसला. जुन्या बोटीला कन्व्हर्टर नसतोच, तेव्हा जास्त झिंकचं (जस्ताचं) खास ब्रेक-इन ऑईल, म्हणजे नव्यानं बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑईल, बिनधास्त घ्या. रोलर कॅमला ही काळजी बरीच कमी. चांगलं मिनरल ऑईल पुरतं.

सिंथेटिकनं रिंगा बसतच नाहीत, हे मात्र मी म्हणणार नाही. कितीतरी गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक घेऊन निघतात. पण तिथलं होनिंग आणि आपलं होनिंग यांत फरक आहे, आणि हे ऑईल अर्ध्या तासात काढून टाकायचं असतं. मग कशाला?

ट्रकचं १५डब्ल्यू-४० ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात फॉस्फरस थोडा जास्त मिळतो हे खरं, पण मळ धुणारी रसायनंही भरपूर असतात आणि ती त्याच पृष्ठभागासाठी झिंकशी भांडतात. अडचणीत चालेल, पहिली पसंती नको. वरून झिंकची बाटली ओतून कॉकटेल तर मुळीच करू नका. प्रमाणाबाहेर झिंकनंही झीज वाढते.

ऑईलच्या नावावर खपणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंजिन स्लोवर ठेवून ‘आवाज बघा भावा’ करत बसणं. फ्लॅट टॅपेटला सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर २० ते ३० मिनिटं हवीत, तेही थोडं खालीवर करत, कारण लोबला ऑईल पोचतं ते मुख्यतः उडालेल्या शिंतोड्यांनी. रिंगाही मागून गॅसचा दाब आला तरच भिंतीला भिडतात. बिनलोड तासन्‌तास फिरवलं की लायनर (सिलिंडरची आतली भिंत) काचेसारखा गुळगुळीत होतो, निळा धूर निघतो, ऑईल संपत राहतं. मग ब्रँड बदलून उपयोग नाही, पुन्हा उघडून होनिंग करावं लागतं.

सुरू करण्याआधी ड्रिलनं ऑईल पंप फिरवून गेजला प्रेशर आणा. शेडमध्ये असाल तर पाण्याचा पाईप जोडा. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा पंप कोरडा फिरला तर त्याचं रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) बघता बघता जळतं.

कॅमचा अर्धा तास झाला की ऑईल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापून बघा. बारीक राखाडी भुकटी चालते, चकाकणारे कण दिसले तर पुढं जाऊ नका. मग बोट पाण्यात घालून लोड द्या, पण एकाच आरपीएमवर ताणू नका. रिंगा बसल्यावर एफसी-डब्ल्यू, म्हणजे बोटीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा शिक्का असलेलं मरीन ऑईल घाला. त्यात गंज रोखण्याची चाचणी झालेली असते आणि बोट महिनोन्‌महिने उभी राहते. टीसी-डब्ल्यू३ वेगळं. ते टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत जळायचं, इंजिनाच्या ऑईल चेंबरमध्ये ओतायचं नाही.

ऑईल दुधाळ झालं तर पाणी शिरलंय: गॅस्केट (जोडांमधली पॅकिंग), मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या नळ्यांचा जोड) तपासा. पातळी वाढून पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटर किंवा इंजिनावरच्या पेट्रोल पंपातला रबरी पडदा (डायफ्रॅम) बघा. आणि ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) बघायची ती इंजिन बोटीत बसवल्यावरच. तिथं ते तिरकं बसतं, शेडमधल्या स्टँडवरची खूण तिथं खोटी ठरते.