मातीतला डोळा : पोर्ट्रेट करताना या चुका टाळा

"सर, हा डोळा बटणावानी काऊन दिसून राहिला?"

उन्हाळी वर्गात पोर्ट्रेटचा तिसरा दिवस उजाडला की हा प्रश्न येतोच, आणि माझं उत्तरही ठरलेलं असतं : खोबण, म्हणजे डोळा बसतो तो कवटीतला खड्डा, न करताच डोळा केलास म्हणून. शिकत असताना मी नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, एका वयस्क मूर्तिकाराकडे जाऊन बसायचो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी ते अगदी शेवटी करत. पण त्याच्या कितीतरी आधी भुवईखाली अंगठा दाबून तिथे सावली कशी पडते ते वळून वळून पाहत. "पहिले खड्डा कर, मंग डोळा बसव," एवढंच म्हणायचे. मी ते ऐकलं नाही. माझ्या पहिल्या तीन पुतळ्यांचे डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखेच दिसतात.

खड्डा म्हटलं की पोरं वाटी करतात. कवटी हातात घेऊन बघा. खोबणीचं तोंड गोल नसतं, कोपरे घासलेल्या चौकोनासारखं असतं आणि बाहेरच्या बाजूला खाली उतरतं. पायलट गॉगलची काच आठवा. रुंदी साधारण 40 मिलिमीटर, उंची 35. आत ती निमुळती होत साडेचार सेंटिमीटर खोल जाते. अख्खी खोबण सात हाडांची, पण आपल्याला काठाशी काम : वर कपाळाचं हाड, बाहेर गालाचं, नाकाकडे वरच्या जबड्याचं. या एवढ्या जागेत नेत्रगोल असतो फक्त 24 मिलिमीटर व्यासाचा. बाकी सगळी चरबी, स्नायू आणि नसा. म्हणून आधी अंगठ्याने काठ शोधा, आत दाबा, मग 24 मिलिमीटरची गोळी करून आत ठेवा. (ही मापं खऱ्या आकाराच्या पुतळ्याची. दीडपट करत असाल तर सगळंच दीडपट.)

स्टीलची पट्टी घ्या, डोळा मिटा, पट्टी उभी धरून भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवा. बहुतेकांच्या पापणीला ती जेमतेम लागते किंवा लागतच नाही. आता बाहेरच्या काठावर बोट ठेवा. हे हाड किती मागे आहे! डोळ्याचा पुढचा भाग त्याच्या 12 ते 21 मिलिमीटर पुढे असतो. म्हणूनच आपल्याला बाजूचं दिसतं. दोन्ही कोपरे एकाच पातळीत ठेवले की चेहऱ्यावर चष्मा रंगवल्यासारखं वाटतं. स्टुलावर चढा आणि पुतळा टाळूकडून बघा. बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा मागे गेलेला दिसला पाहिजे. मोबाइलवरच्या फोटोवरून काम करणाऱ्यांकडून हे हमखास चुकतं. फोटोला टाळू नसते.

पापण्या म्हणजे रेघा नव्हेत, त्यांना जाडी असते. माती पोळीसारखी लाटून तिच्या पट्ट्या गोळीवर ओढा. वरची पट्टी खालच्यापेक्षा पुढे. वरच्या कमानीचा उंचवटा थोडा नाकाकडे, खालच्या कमानीचा खोलगटपणा थोडा कानाकडे, आणि बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा दोनेक मिलिमीटर वर. दोन्ही कमानी सारख्या काढल्या की बदाम होतो. बदामी डोळे कवितेत शोभतात.

डोळे वटारलेले वाटतात? मग बुबुळाचं पूर्ण वर्तुळ दिसत असणार. बुबुळ साधारण 12 मिलिमीटरचं. सहज बघताना वरची पापणी त्यावर एक-दोन मिलिमीटर उतरते, खालची त्याच्या काठाला टेकते. इथे मुलं बुबुळच लहान करतात आणि नजर आणखी बिथरते. बुबुळाला हात लावू नका, पापणी उतरवा.

आता एक गंमत. डोळे मिटा, पापणीवर बोट अलगद ठेवा आणि आतल्या आत डावीकडे-उजवीकडे बघा. बोटाखालून एक उंचवटा सरकतो ना? ते पारपटल, म्हणजे कॉर्निया. नेत्रगोलापेक्षा त्याची गोलाई जास्त, म्हणून ते पुढे येतं. पुतळा तिरका बघत असेल तर पापणीचा फुगवटाही त्या बाजूला सरकवावा लागतो. एवढं केलं नाही तर बुबुळ कितीही नेमकं कोरा, नजर वळत नाही.

म्हाताऱ्या चेहऱ्यावर सुरकुत्या ओरखडू नका. खोबणीतल्या चरबीकडे बघा : वर खळगा, खाली पिशवी. तेवढ्याने वय येतं.

आपल्या नागपूरच्या मे महिन्याचं वेगळं. पापणीची कड सगळ्यात पातळ, म्हणून तीच आधी वाळते आणि तडकते. पुतळा कूलरच्या किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नका. रात्री ओलं फडकं थेट डोळ्यांवर टाकू नका. काड्या रोवून वर तरंगतं ठेवा आणि त्यावर प्लास्टिक बांधा. तडा गेलाच तर पाणी चोपडत बसू नका, पट्टी काढून नवी लावा. मॉडेललाही दुपारी खिडकीशी बसवू नका. उन्हाने डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळला की गाल वर चढतो, खालची पापणी वर येते आणि तुम्ही दोन तास मिचमिचे डोळे करत बसता.

डोळ्याची बाहुली शेवटी कोरा. लूप टूलने (तारेच्या कडीचं कोरणं) खोल खड्डा करा, पण वरच्या काठाला मातीचा एक बारीक कण न कापता सोडा. उजेड तो झेलतो. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ही नजर बरी वाटेल. तरी पुतळा एकदा अंगणात न्या, चार पावलं मागे जा आणि मगच खड्डा आणखी खोल करायचा का ते ठरवा.